झुंड, टीम आणि क्लब

नागपूरच्या झोपडपट्ट्यांतील फुटबॉलविषयी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पुष्कळ छापून आले आहे. वृत्तपत्रांनी लिहिले. ५ ऑक्टोबर २०१४ रोजी आमिर खानच्या ‘सत्यमेव जयते’ या मालिकेने एका भागात हा विषय मांडला. २०१६ साली ‘फिफा’ने नागपूरच्या ‘स्लम सॉकर’ या संस्थेला आपला विविधता पुरस्कार दिला. आणि ४ मार्च २०२२ रोजी नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ प्रदर्शित झाला. वस्तीतल्या पोट्ट्यांच्या खेळाच्या वाट्याला एवढे लक्ष क्वचितच येते. त्याचा आनंद आपल्याला व्हावा हे स्वाभाविकच आहे. परंतु बातम्या, मुलाखती, मालिका आणि चित्रपट हे सारे एकत्र ठेवून वाचले, म्हणजे एक गोष्ट टोचू लागते. माणसे बदलतात, माध्यमे बदलतात, कथा मात्र एकच राहते.

ती कथा अशी. २००१ सालचा पावसाळा. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांना काही मुले चिखलात एक तुटकी बादली लाथाडताना दिसतात. ते मुलांना फुटबॉल देतात. मुले व्यसने आणि भानगडी सोडून मैदानावर येतात. झोपडपट्टी फुटबॉलची स्पर्धा उभी राहते, क्रीडा विकास संस्था उभी राहते, तिची पुढे ‘स्लम सॉकर’ म्हणून जगात ओळख होते, आणि एक दिवस ही पोरे विमानात बसून बेघरांच्या विश्वचषकाला जातात.

बारसे सरांच्या कामाला उणे लेखण्यासाठी मी हे लिहीत नाही. ज्या महाविद्यालयीन जगात मी नोकरी करतो, तेथे कॉलेजच्या भिंतीपलीकडच्या वस्तीकडे पाहण्याची तसदी किती प्राध्यापक घेतात हे मला ठाऊक आहे. त्यांनी पाहिले, त्यात आयुष्य घातले, स्वतःची पुंजी घातली. माझा आक्षेप माणसाला नाही, कथेच्या रचनेला आहे. समीक्षकाने रचनेकडे पाहायचे नाही तर कोणी पाहायचे?

या कथेत वस्तीला भूतकाळ नाही. शिक्षक येण्यापूर्वी तेथे केवळ चिखल आहे, बादली आहे आणि दारू आहे. शिक्षक आल्यावर इतिहास सुरू होतो. परंतु याच कथेत एक आकडा नेहमी सांगितला जातो आणि त्याचा अर्थ कोणीही काढत नाही. पहिल्या झोपडपट्टी स्पर्धेत १२८ संघ उतरले, असे सर्वत्र छापून आले आहे. हे १२८ संघ आले कोठून? संघ म्हणजे काही आभाळातून पडणारी वस्तू नव्हे. अकरा पोरे जमवावी लागतात, त्यांतला एक कर्णधार मानावा लागतो, कोणाच्या तरी घरी चेंडू ठेवावा लागतो, भांडण झाले तर ते मिटवणारा एक वडीलधारा लागतो. एका शहरातून शंभराहून अधिक संघ उभे राहतात, याचा अर्थ वस्त्यांमध्ये जमण्याची, ठरवण्याची आणि नाव घेऊन उभे राहण्याची सवय आधीपासून होती. बादलीची गोष्ट सर्वांना पाठ आहे. १२८ची गोष्ट कोणी लिहिलेली नाही.

दलित साहित्याच्या वाचकाला ही रचना ओळखीची वाटेल. एकेकाळी मराठीत अस्पृश्यांविषयीच्या कथा अशाच असत. त्यात एक दयाळू सवर्ण मास्तर किंवा समाजसेवक असे, एक गरीब गुणी पोर असे, आणि कथेची सगळी हालचाल मास्तरच्या हृदयात घडे. पोर बदलत असे, पण कळत असे ते मास्तरला. १९७८ साली दया पवारांचे ‘बलुतं’ आले, १९८० साली लक्ष्मण मानेंचे ‘उपरा’ आले, आणि ही कथा सांगणाऱ्याच्या हातून कथाच काढून घेतली गेली. आता माणूस स्वतः बोलू लागला. स्वतःच्या वस्तीचे कौतुक तो करी, तिची लाजही सांगे, पण सांगणारा तोच असे. खेळाच्या बाबतीत हे स्थित्यंतर अद्याप झालेले नाही. आमचा फुटबॉल अजून ‘बलुतं’च्या आधीच्या काळात आहे, असे मी म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

मग ‘झुंड’चे काय? नागराज मंजुळे बाहेरून पाहणारे नाहीत. ‘फँड्री’ काढणाऱ्या माणसाला मास्तरची कथा सांगण्यात रस असण्याचे कारण नाही. ‘सैराट’ (२०१६) आठवून पाहा. तो चित्रपटही क्रिकेटच्या सामन्याने सुरू होतो, आणि तेथे बक्षीस वाटणारा, भाषण ठोकणारा तात्या कोण आहे हे पुढे आपल्याला पुरेपूर कळते. मैदान कोणाचे आणि चषक कोणाच्या हातून घ्यावा लागतो, हा प्रश्न मंजुळे यांना पडलेला आहे. म्हणूनच ‘झुंड’मधील ओढाताण पाहण्यासारखी आहे. जवळजवळ तीन तासांच्या या चित्रपटात दोन चित्रपट एकमेकांशी झगडतात. एक अमिताभ बच्चन यांचा विजय बोराडे सरांचा चित्रपट, आणि दुसरा अंकुश गेडामच्या डॉनचा.

बोराडे सरांच्या चित्रपटाला ठरलेली वाट आहे. सर पोट्ट्यांना अर्धा तास खेळायचे पाचशे रुपये देतात, पोट्टे पैशासाठी खेळतात, मग एक दिवस पैसे बंद होतात आणि खेळाची चटक राहते. प्रसंग गमतीचा आहे, आणि मला तो आवडतो, कारण येथे श्रमाचे मोल ठरते. आपल्या पोरांना आयुष्यात प्रथमच कोणीतरी खेळण्याची मजुरी देते! पण लगेच मजुरी काढून घेतली जाते आणि आपण टाळ्या वाजवतो. हा विनोद दिग्दर्शकाने जाणून केला की नकळत झाला, याचा निर्णय मला करता आलेला नाही.

डॉनचा चित्रपट याहून अवघड आहे. त्याला वाट नाही. तो मागे सरकतो, पुन्हा भांडणात पडतो, पुन्हा पोलिसांत जातो. मुलांच्या तोंडची नागपुरी हिंदी कोणी घासूनपुसून घेतलेली नाही. वस्तीत जयंतीची वर्गणी जमते, डी.जे. लागतो, पोट्टे बेभान नाचतात, आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे हिंदी सिनेमातला सर्वांत मोठा नट हात जोडून उभा राहतो. या प्रसंगावर आपल्याकडे भरपूर लिहिले गेले आणि ते योग्यच होते. हिंदी पडद्यावर नायकाच्या घरी देव होते, गांधी होते, बाबासाहेब नव्हते. मात्र मला त्या दृश्यातील नटापेक्षा वर्गणी महत्त्वाची वाटते. हीच पोरे, जी आधीच्या दृश्यात चोऱ्या करीत होती, ती एका कार्यक्रमासाठी दुकानादुकानांतून पैसे गोळा करतात आणि कार्यक्रम पार पाडतात. म्हणजे यांना संघटना करता येते! चित्रपट हे दाखवतो आणि पुढे विसरतो. जयंती समितीतून फुटबॉलचा संघ निघू शकतो, नव्हे अनेक वस्त्यांत तो तसाच निघालेला आहे, ही शक्यता पटकथेला सुचत नाही. तिला सरांची शिट्टीच हवी असते.

उत्तरार्धात कागदपत्रे येतात. आदिवासी मोनिका आणि तिचा बाप ओळखीच्या कागदासाठी दारोदार फिरतात. आपण कोण आहोत हे सांगायला जन्म पुरत नाही, शिक्का लागतो. हा या चित्रपटातील सर्वांत खरा भाग आहे. आणि शेवटी विमानतळावर डॉनला यंत्र पुन्हा पुन्हा अडवते, तोपर्यंत तो खिशातले हत्यार टाकीत नाही, तो प्रसंग तर दीर्घकाळ मनात राहतो. तपासणीचे ते दार म्हणजे देशाचीच चौकट आहे.

चित्रपटाचे ब्रीद असे की, यांना झुंड म्हणू नका, टीम म्हणा. माझ्या वर्गात या चित्रपटावर चर्चा चालू असताना एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, टीम झाली, पण मॅच संपल्यावर हे लोक बसतात कुठे?” वर्ग हसला. मला मात्र त्या प्रश्नाने धरून ठेवले. कारण टीम आणि क्लब यांत जो फरक आहे, तो नेमका या ‘बसण्याचा’ आहे.

या फरकाचा सर्वांत जुना पुरावा महाराष्ट्रातच आहे, क्रिकेटच्या इतिहासात. पळवणकर बाळू चांभार समाजातले. पुण्यात युरोपियनांच्या जिमखान्यावर खेळपट्टी तयार करणे, जाळी लावणे असली कामे ते महिना चार रुपयांवर करीत. तेथल्या साहेबांना सराव देता देता ते हिंदुस्थानातले अव्वल डावरे फिरकी गोलंदाज झाले. साहेबांना हरवायचे असेल तर बाळूवाचून गत्यंतर नाही हे पुण्याच्या हिंदूंना कळले, तेव्हा त्यांना संघात घेतले गेले. चेंडू त्यांच्या हातून सगळ्यांनी घेतला. चहा मात्र तंबूबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. जेवण वेगळ्या पंगतीला. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले, आणि तेही आपोआप नव्हे, आधी भावंडांना संघाबाहेर राहून निषेध करावा लागला. बाळूंना टीम मिळाली होती, क्लब मिळाला नव्हता. मैदानाच्या रेषेच्या आत जात विसरता येते, कारण तेथे जिंकायचे असते. रेषेबाहेर, जेथे चहा असतो, खुर्ची असते, पुढच्या वर्षीचा कर्णधार कोण हे ठरवणारी बैठक असते, तेथे जात परत येते.

पुढे १९३७ च्या निवडणुकीत बाळू बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि हरले. म्हणून आपल्या चळवळीच्या आठवणीत त्यांना अडगळीची जागा मिळाली असेल. ते राजकारण चुकले, एवढ्याने त्यांच्या मातीच्या भांड्याचा अर्थ बदलत नाही. आणखी एक गोष्ट आपण विसरलो. विठ्ठल पळवणकरांनी १९४८ साली ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मकथन मराठीत लिहिले. म्हणजे ‘बलुतं’च्या तीस वर्षे आधी एका दलित खेळाडूने स्वतःची हकीकत स्वतः लिहून ठेवली होती. दलित आत्मकथनांच्या आपल्या चर्चेत तिचे नाव मला क्वचितच दिसले आहे. ती आपल्यापर्यंत परत आली ती रामचंद्र गुहा यांच्या २००२ सालच्या इंग्रजी ग्रंथातून. आपला ऐवज दुसऱ्याच्या घरून आणावा लागला. खेळाडूचे आत्मकथन हे ‘साहित्य’ नव्हे, असे आपणही मानले काय?

आता क्लब म्हणजे काय ते पाहू. ज्याची नोंद असते, ज्याचे सभासद वर्गणी देतात, ज्याचा अध्यक्ष-सचिव-खजिनदार निवडला जातो आणि काढलाही जातो, आणि मुख्य म्हणजे जो पुढच्या वर्षीही असतो, तो क्लब. खेळाडू म्हातारा होतो, क्लब होत नाही. कालचा उजवा बगलवाला आज पंच होतो, उद्या खजिनदार होतो, परवा त्याचा पोरगा त्याच रंगाची जर्सी घालतो. साखळी सामन्यांत खालच्या श्रेणीत खेळणारा संघ जिंकला तर वर चढतो, हरला तर उतरतो, आणि पुढच्या हंगामात पुन्हा नाव नोंदवतो. या पुन्हा नोंदवण्यात सगळा इतिहास असतो.

याच्या शेजारी बेघरांचा विश्वचषक ठेवून पाहा. २००३ साली ऑस्ट्रियातील ग्राझ येथे तो सुरू झाला. एका बाजूला चार-चार खेळाडू, सात-सात मिनिटांचे दोन डाव, रस्त्याएवढे छोटे मैदान. २०१० साली रिओ येथे भारताच्या संघाचे नेतृत्व नागपूरच्या अखिलेश पॉलने केले. स्पर्धेचा हेतू चांगला आहे आणि तिने पुष्कळांना उभे केले आहे. पण तिचा एक नियम असा की, खेळाडूला आयुष्यात एकदाच तेथे खेळता येते. नियमामागचे तर्कशास्त्र उघड आहे, दरवर्षी नव्या माणसाला संधी मिळावी. तरी वस्तीच्या बाजूने पाहिले तर त्याचा अर्थ वेगळा होतो. एकदा विमान, एकदा जर्सी, एकदा वर्तमानपत्रात फोटो. नंतर? ‘झुंड’ही विमान उडाले की थांबतो. त्या खेळाडूला परत यायला जागा हवी असते, आणि परत येण्याची जागा म्हणजेच क्लब.

नावाचाही प्रश्न आहे. ‘झोपडपट्टी’ हा शब्द १९७१ च्या राज्याच्या कायद्याने सरकारी कागदावर पक्का केला. सुधारणा, निर्मूलन, पुनर्विकास असे त्याचे तीन हेतू. पाडण्याच्या यादीतला शब्द खेळाच्या स्पर्धेला चिकटला. ‘बेघर’ हा शब्द युरोपच्या थंड रस्त्यांवरून आला, आणि आमच्या घरे असलेल्या पोरांच्या छातीवर बसला. १९५६ नंतर याच शहरातल्या वस्त्यांनी स्वतःला पंचशील नगर, सिद्धार्थ नगर, भीम नगर अशी नावे घेतली. त्यासाठी कोणाची परवानगी मागितली नाही. वस्ती स्वतःचे नाव ठेवते तेव्हा सिद्धार्थ ठेवते, दुसरा ठेवतो तेव्हा झोपडपट्टी ठेवतो.

नागपूरला संघटना नवी नाही. किसन फागूजी बनसोडे यांनी येथे शाळा काढल्या, ‘मजूर पत्रिका’ आणि ‘चोखामेळा’ यांसारखी नियतकालिके चालवली. कामठीत बाबू हरदास यांनी विडी कामगारांची संघटना बांधली, आणि १९३९ साली वयाच्या पस्तिशीत ते गेले तेव्हा ती माणसे पोरकी झाली. जुलै १९४२ मध्ये अखिल भारतीय दलित वर्गाची परिषद याच शहरात भरली, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन येथेच जन्मले, आणि बाबासाहेबांनी शिकण्याबरोबर संघटित होण्याचा मंत्र येथेच दिला. समता सैनिक दलाची कवायत, वस्तीचे ग्रंथालय, विहाराची समिती, भजनी मंडळ, लेझीमचे पथक, आणि त्याच ओळीत फुटबॉलचा क्लब. या ओळीत त्याला बसवले म्हणजे तो दयेचा विषय उरत नाही, चळवळीचा एक खालचा थर होतो. आपले इतिहासकार सभा, ठराव आणि निवडणुका लिहितात. संध्याकाळी पाच ते सात या वेळात तीच माणसे काय करीत होती, हे लिहीत नाहीत.

या कामात आपले शेजारी आपल्या पुढे आहेत, हेही मान्य केले पाहिजे. कामठीसारख्या कष्टकऱ्यांच्या गावचा रब्बानी क्लब आणि नागपूरचा यंग मुस्लिम क्लब ही नावे येथल्या फुटबॉलचा प्रेक्षक आदराने घेतो. कलकत्त्याचा मोहमेडन स्पोर्टिंग १८९१ साली निघाला आणि १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षे त्याने तेथली लीग जिंकली. मुसलमान समाजाला मैदान ही समाजाची संस्था वाटली. आपल्याकडे शिकलेल्या माणसाने फुटबॉल म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग मानला. पहिल्या पिढीतल्या पदवीधराला आपला भाऊ मैदानावर दिसला की राग येतो, अभ्यास बुडतो म्हणून. हा राग मी जवळून पाहिला आहे. त्याचे कारण समजते, पण त्यामुळे वस्तीतला सचिव लिहिता माणूस शोधत राहिला आणि लिहिता माणूस त्याला टाळत राहिला.

उत्तर नागपुरातील अशा एका जुन्या क्लबची वही मला पाहायला मिळाली. क्लबचे नाव येथे देत नाही, वही जपणाऱ्यांची तशी इच्छा आहे. बांधलेली, लाल पुठ्ठ्याची, किराणा दुकानात मिळते तशी. पहिल्या पानावर शीर्षस्थानी ‘जय भीम’, खाली सभासदांची नावे. मेश्राम, रामटेके, गजभिये, एक शेख, एक यादव. नावापुढे वर्गणीच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी रेघ, म्हणजे पैसे आले नाहीत. खर्चाची बाजू मात्र भरगच्च. ब्लॅडर, चेंडूची शिलाई, चुना, लिंबे, नावनोंदणीची फी, जर्सीवर आकडे छापणे. एका ठिकाणी ‘बूट उसने आणले, भाडे नाही, खिळे तुटल्यास भरून देणे’ अशी नोंद आहे. मराठीत खालच्या श्रेणीच्या फुटबॉलवर याहून नेमके वाक्य मी वाचलेले नाही.

या बुटांपाशी जरा थांबले पाहिजे. १९११ साली मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून आय.एफ.ए. शील्ड जिंकले, तेव्हा त्यांचे एक सोडून सगळे खेळाडू अनवाणी होते. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्येही आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले आणि फ्रान्सशी २-१ असे हरले. या अनवाणीपणाची राष्ट्राने पोथी केली. भद्र घरातला पोरगा बूट काढून खेळला की तो पराक्रम, वस्तीतला पोरगा बूट नाहीत म्हणून अनवाणी उतरला की पंच त्याला मैदानाबाहेर काढतो, कारण नियमाप्रमाणे पादत्राण सक्तीचे आहे. दोघांचे तळवे सारखेच सोलतात.

वहीत एक सामना ‘वॉकओव्हर’ म्हणून दिला आहे. नियम असा की सात खेळाडू नसतील तर सामना सुरू करता येत नाही. त्या दिवशी सहाच पोहोचले. बाकीच्यांच्या नावापुढे कारणे लिहिली आहेत: पाळी, पाळी, लग्नाचा मंडप घालायला गेला, आजारी, पाळी. ज्या शहरात एम्प्रेस मिलसारखी गिरणी १८७७ ते २००२ अशी सव्वाशे वर्षे चालली, त्या शहरात ‘पाळी’ या एका शब्दात कामगाराचा सगळा खेळ मावतो. कोणी हरवले नाही, भोंग्याने हरवले. ही नोंद करणाऱ्या सचिवाला आपण साहित्य लिहितो आहोत असे वाटले नसणार. त्याला फक्त पुढच्या सभेत जाब द्यायचा होता. आणि त्याने ज्या मुलांची कारणे लिहिली, त्यांच्यावर त्याने दया केलेली नाही. आजारी असणाऱ्याच्या नावापुढे त्याने नंतर वेगळ्या शाईने ‘खोटे’ असे लिहून ठेवले आहे.

हा तो आवाज. ‘झुंड’मध्ये मी जो शोधत होतो तो हाच. पोरांना गुणी किंवा गुंड अशा दोन खणांत न टाकता, वर्गणी न देणारा, खोटी कारणे सांगणारा, तरीही पुढच्या रविवारी संघात लागणारच असा माणूस म्हणून पाहणारा. सर पोट्ट्यांना घडवतात. सचिव त्यांना सांभाळून घेतो, त्यांच्याशी भांडतो, आणि तो स्वतः त्यांच्यातलाच असतो. मास्तरला नायक करता येते, सचिवाला करणे कठीण, कारण त्याच्या कथेत कोणी उद्धरत नाही.

कथा कोणाची, हा प्रश्न न्यायालयातही गेला होता. अखिलेश पॉलच्या जीवनकथेचे हक्क आपण आधीच विकत घेतले आहेत, असा दावा हैदराबादच्या एका चित्रपटकाराने केला. सप्टेंबर २०२० मध्ये तेलंगणातील न्यायालयाने ‘झुंड’च्या प्रदर्शनाला मनाई केली आणि नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती उठवण्यास नकार दिला. वस्तीतल्या एका मुलाच्या आयुष्यावरून दोन चित्रसंस्था भांडत होत्या. वाद कायद्याचा होता, त्यात शिरण्याचे मला कारण नाही. पण पाहा, जीवनकथा ही एका व्यक्तीची मालमत्ता ठरली तरच तिचा सौदा होतो. क्लबच्या वहीचा सौदा करायला कोणी येणार नाही. तीत एकाचे आयुष्य नाही, चाळीस जणांची थकबाकी आहे.

गेल्या वर्षापासून आमच्या काही विद्यार्थ्यांनी आपापल्या वस्तीतल्या मंडळांच्या वह्या शोधायला सुरुवात केली आहे. फार काही हाती आलेले नाही. एक वही सचिवाच्या मृत्यूनंतर रद्दीत गेली. एकीच्या मागच्या पानांवर किराण्याचा हिशेब आहे, त्यामुळे घरच्यांनी ती सांभाळून ठेवली. तिसरी विहाराच्या कपाटात, वर्षावासाच्या पावतीपुस्तकांखाली सापडली. समितीने ती न्यायला नाही म्हटले, तेथेच बसून उतरवून घ्या म्हणाले. मुलीच अधिक बसतात उतरवायला. वहीत मुलींचे एकही नाव नाही हे त्यांच्याच लक्षात आले, आणि मुलींचा संघ काढायचा तर नाव काय ठेवायचे यावर सध्या त्यांच्यात भांडण चालू आहे.